अकराव्या पानावरची रेघ

सत्यवान पराडकरने आणि मी मालवणच्या बाजारपेठेत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये सहा वर्षं एकत्र शिकवलं. मी टायपिंग आणि ऑफिसची कामं शिकवायचे, तो बाकी सगळं. क्लासच्या पाटीवर आमच्या दोघांची नावं होती, पण लोक यायचे ते त्याचं नाव विचारत.

तो मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचा, गाबितांच्या म्हणजे मासेमारांच्या घरातला. वडील रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जायचे. हा मात्र लहानपणी होडीत बसला की ओकायचा, ते थांबेचना. शेवटी वडिलांनी त्याला किनाऱ्यावर सोडलं आणि शाळेत लक्ष घाल म्हणून सांगितलं. कोल्हापूरला डिप्लोमा करून तो परत आला तो शुद्ध मराठी बोलत. वर्गात, बाजारात, क्लासच्या मालकाशी, सगळ्यांशी. माझ्याशीसुद्धा. मी एखादं वाक्य मालवणीत बोलले तरी उत्तर पुस्तकातल्यासारखं यायचं. मला वाटायचं, शिकलेल्या माणसाची सवय असेल.

आवाजाच्या कामाकडे तो अपघाताने वळला. दोन हजार पाचच्या सुमारास आचऱ्याच्या एका भजनी मंडळाने त्यांच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगचं चोरीचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्यातून व्हायरस शिरला आणि मशीन बंद पडलं. सत्यवानने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं. मासिकाबरोबर आलेली सीडी होती, फुकटची. त्यात मृदंग एका पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, गाणं दुसऱ्या पट्टीवर असं वेगवेगळं ध्वनिमुद्रण करता यायचं. मंडळ खूश झालं. मग शाळेच्या प्रार्थनेवाले आले, दशावतारातला एक पेटीवाला आला, देवगडहून दोघे आले. प्रत्येकाला तेच तेच सांगून तो कंटाळला आणि त्याने एक पुस्तिका लिहिली, 'लिनक्सवर आवाज'. चाळीस पानं, दोनशे प्रती. मुखपृष्ठावर त्याचं नाव पुस्तिकेच्या नावापेक्षा किंचित मोठ्या अक्षरात होतं. कणकवलीत एका कार्यक्रमात त्याला शाल मिळाली. ती शाल बरेच दिवस क्लासच्या कपाटात, काचेतून दिसेल अशी घडी घालून ठेवलेली असायची.

प्रेमलता तोडणकर क्लासमध्ये पहिल्यांदा आल्या त्या दोन हजार सातच्या सप्टेंबरात, दुपारी. तोंडवलीच्या. आठवड्यातून तीन दिवस मालवणच्या मासळीबाजारात बसायच्या. बाजार आटोपला की रिकामी टोपली जिन्याखाली ठेवून वर यायच्या. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण सातवी. त्यांचा मुलगा नितेश बोटीवर नोकरीला लागला आणि त्याचा कॉम्प्युटर घरात पडून राहिला. जाण्याआधी त्याने आईला चालू-बंद करायला शिकवलं होतं, आमची पुस्तिका आणि सीडी आणून दिली होती. पुढचं सगळं बाईंनी स्वतः केलं होतं.

"कित्याक?" मी विचारलं होतं.

"माजी जाऊ आसा, सीतावैनी," त्या म्हणाल्या. "सत्तर वर्सांची. तिच्याकडे लग्नातली, हळदीची, फुगडीची गाणी आसत. आता पोरींका येनत नाय. तिचा गाणा एका बाजूक आणि आमचा मागचा म्हणणा दुसऱ्या बाजूक, असा व्हया माका. पुस्तकात तसा जमता म्हणान लिवलेला आसा."

अडचण एकच होती. आवाज मुद्रित व्हायचा, पण दर पंधरा-वीस सेकंदांनी मध्येच चर्र करून तुटायचा.

हे का होतं ते सत्यवान वर्गात छान समजावून सांगत असे. कॉम्प्युटर एका वेळी दहा कामं करतो, थोडं हे, थोडं ते. बाकीच्या कामांना क्षणभर थांबवलं तरी बिघडत नाही, पण आवाजाला थांबवलं की तो तुटतो. म्हणून कॉम्प्युटरला एकदा बजावून सांगावं लागतं, की आवाजाचं काम रांगेत सगळ्यात पुढे. ते सांगायचं एका फाइलमध्ये, एका ओळीत. ओळीचे चार भाग. आधी गटाचं नाव, मग एक छोटी आडवी रेघ, मग परवानगीचं नाव आणि शेवटी आकडा. पुस्तिकेच्या अकराव्या पानावर ती ओळ दिलेली होती.

"अकरावं पान केलंत का?" सत्यवानने विचारलं.

"केलंय."

"मग चरचर यायला नको. पुन्हा एकदा बघून करा. पुस्तकात आहे तसंच्या तसं."

त्या गेल्या. पुढच्या आठवड्यात परत आल्या. तसंच्या तसं केलं होतं, तरी चरचर होतीच. या वेळी एक शंभर पानी वही आणली होती. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून त्यांनी अकराव्या पानावरची ती ओळ वहीत चित्रासारखी काढून घेतली होती, एकेक अक्षर गिरवून, पेन्सिलीने. त्यांनी वही पुढे केली. सत्यवानने ती हातात घेतली नाही. "वहीत बरोबर असेल हो, मशीनमध्ये चुकलं असणार," असं म्हणून तो दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळला.

तिसऱ्या खेपेला वर्ग भरलेला होता. पंधरा-वीस मुलंमुली, बहुतेक कॉलेजची. बाई दारात उभ्या राहिल्या. सत्यवान त्या दिवशी आधीच वैतागलेला होता, सकाळपासून लाइट तीनदा गेली होती. हे मी त्याची बाजू घेण्यासाठी सांगत नाही, जसं घडलं तसं सांगते आहे. बाई आत आल्या आणि मी काय टाइप केलं ते दाखवते म्हणून एका रिकाम्या मशीनच्या कीबोर्डकडे त्यांनी हात नेला.

"हात लावू नका," तो म्हणाला. "वास राहतो नंतर."

त्याला तिथे थांबता आलं असतं. पण तो पुढे बोलला, "प्रेमलताबाई, हे काम म्हणजे मासळीचे वाटे लावणं नव्हे. इथे एक टिंब इकडचं तिकडे झालं तर चालत नाही. तीन वेळा सांगून जमत नसेल तर सोडून द्या."

मुलं हसली. आणि मीही हसले. मोठ्याने नाही, पण हसले. बाईंची नजर वर्गावरून फिरत माझ्यावर आली तेव्हा माझे दात दिसत होते.

त्यांनी आपले तळवे पाहिले. "हात धुवन इलंय, मास्तर," एवढंच म्हणाल्या. वही पिशवीत घातली आणि जिना उतरून गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

दिवाळीनंतर भाई कुबल आले. हे बँकेत नोकरीला, बी.कॉम. झालेले, पेटी वाजवायचे. त्यांचीही तीच तक्रार, चर्र करून आवाज तुटतो. यांना मात्र सत्यवानने खुर्ची दिली, त्यांचं मशीन क्लासवर आणायला सांगितलं आणि स्वतः फाइल उघडून पाहिली. मी पलीकडच्या टेबलाशी होते. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्याने कपाटातून पुस्तिका काढली, अकरावं पान उघडलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

पुस्तिकेतल्या ओळीत ती आडवी रेघच नव्हती.

छापखान्यातल्या टाइप करणाऱ्याला वाटलं असणार, ओळ तुटली म्हणून शब्द जोडायला घातलेली रेघ आहे. त्याने ती काढून टाकली. सत्यवानने प्रस्तावनेची मुद्रितं तीनदा तपासली होती, ते मला माहीत आहे, कारण शुद्धलेखनासाठी ती त्याने मलाही वाचायला दिली होती. आतल्या ओळी त्याने तपासल्याच नव्हत्या. त्या त्याला पाठ होत्या ना! रेघ नसली की कॉम्प्युटर ती ओळ बाजूला टाकतो, आणि तसं सांगतही नाही. दोनशे प्रतींतली एकही बरोबर नव्हती. आधीच्या लोकांची मशीनं नीट चालत होती ती त्याने स्वतः बसून लावून दिली होती म्हणून.

भाईंना तो म्हणाला, "या मशीनची एक खोड असते. आता झालं नीट." भाई आभार मानून गेले.

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तो कपाटातल्या उरलेल्या प्रती समोर घेऊन प्रत्येकीच्या अकराव्या पानावर काळ्या पेनाने बारीक रेघ ओढत होता. छापल्यासारखी दिसावी म्हणून पट्टी लावून.

"तोडणकरबाईंना सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगेन."

"आणि 'तुम्ही चुकलात' म्हणून अजून कोणाकोणाला परत पाठवलंस?"

त्याने पेन खाली ठेवलं. "सहा-सात जण असतील," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

सांगेन म्हणाला, पण महिना गेला, दुसरा लागला. मासळीबाजार क्लासपासून चालत पाच मिनिटांवर. त्याने तो रस्ताच सोडला. एकदा त्याची आई मला भेटली, तर तक्रार करत होती, "ह्या झिलाक काय झालाहा काय म्हायत. बाजारात जा म्हटल्यार जायत नाय. सायकलवाल्याकडसून बांगडे घेता, ते पण शिळे." मला तरी कुठे जायचं होतं त्या बाजारात? मीही दुसऱ्या दाराने आत जायचे आणि बाईंच्या रांगेकडे न बघता बाहेर पडायचे.

जानेवारीत एका रविवारी तो म्हणाला, "तोंडवलीला जायचं म्हणतो. एकट्याने जायचा धीर होत नाही. येशील?"

आम्ही बसने गेलो. बाईंचं घर किनाऱ्यालगत, माडांत. पडवीत एका बाजूला जाळी, दुसऱ्या बाजूला टेबल, आणि टेबलावर जुन्या लुगड्याने झाकलेला कॉम्प्युटर. त्यावर धुळीचा कण नव्हता. आम्हाला बघून बाई क्षणभर दारातच थबकल्या. मग म्हणाल्या, "येवा, बसा," आणि आत जाऊन पाणी घेऊन आल्या.

सीतावैनी ओट्यावर बसून अंबाडीची सुतळी वळत होती. सत्यवानने विचारलं, "रेकॉर्डिंग कुठवर आलं?"

"खंयचा काय," बाई म्हणाल्या. "वैनी आता गायत नाय."

"का?"

उत्तर सीतावैनीनेच दिलं, मान वर न करता. "ती मिशीन माज्या आवाजाक खोकता. परत्येक गाण्यात. माजो आवाज फाटलो आता. लग्नात पण नाय गावचंय मी, सांगलंय सगळ्यांका."

मी सत्यवानकडे पाहिलं. तो लुगडं बाजूला करून मशीन चालू करत होता. फाइल उघडली. बाईंनी टाइप केलेली ओळ पुस्तिकेतल्यासारखीच होती, हुबेहूब, एका टिंबाचाही फरक नाही. त्याने रेघ घातली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. दोन मिनिटांचंही काम नव्हतं ते. मग बाईंना माइकसमोर काहीतरी म्हणायला सांगितलं. त्या फुगडीचं एक गाणं गायल्या, दोन-तीन मिनिटं. परत ऐकलं तर कुठे चर्र नाही, काही नाही. गाण्यामागे समुद्रसुद्धा स्वच्छ ऐकू येत होता.

बाईंचा चेहरा उजळला. "काय चुकला होता माजा?"

मी वाट बघत होते. तो म्हणाला, "एक बारीकशी खूण राहिली होती."

एवढंच. कोणाकडून राहिली ते बोलला नाही.

बाईंनी कपाळावर हात मारला. "बघ गो वैनी! माजीच चूक. मास्तर सांगी होते, नीट बघ, नीट बघ. माकाच दिसाक नाय." आणि त्याच्याकडे वळून, "मास्तर, त्या दिवशी माका राग इलो होतो तुमचो. आता कळला, तुमचा बरोबर होता."

चहा झाला. निघताना त्यांनी सुक्या सुंगटांची, कोळंबीची, पुडी बांधून दिली. तो नको नको म्हणत राहिला, त्यांनी पिशवीत कोंबलीच. सीतावैनीला मशीन सुधारलं म्हणून सांगितलं, पण ती म्हणाली, मशीन बरं असेल, आवाज कुठे बरा आहे.

थांब्यावर मी म्हणाले, "हे सांगायला आला होतास?"

"तोंडातून निघालंच नाही."

"मग पुडी कशी घेतलीस?"

बस आली. मी पायरीवर पाय ठेवला आणि मागे पाहिलं, तर तो माडांतून परत चालला होता, भराभर, जवळजवळ पळत. कंडक्टर ओरडला. मी उतरले.

मी पोचले तेव्हा तो पडवीत उभा होता. एका हातात पुस्तिका, अकरावं पान उघडलेलं, दुसऱ्या हातात बाईंची वही, आणि तो बोलत होता. मालवणीत. तोवरच्या तीन वर्षांत मी त्याच्या तोंडून मालवणी ऐकली नव्हती.

"मावशे, ह्या बघ. तुज्या वहीत आसा ताच ह्या पुस्तकात आसा. तुजी चूक नाय. पुस्तकच चुकीचा आसा. माजा पुस्तक. दिवाळीपासना म्हायत होता माका, सांगूक इलंय नाय. आताच तुज्यासमोर बसान पण खोटा बोललंय." त्याचा श्वास लागला होता. "आणि वासाचा बोललंय त्या दिवशी. माजो बापूस रापणीर जायत. मी पण गाबीतच आसंय. दांडीवरचो."

बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हायत आसा माका."

"काय?"

"तू सखाराम पराडकराचो झील. तुजो बापूस आणि माजो घोव एका रापणीर होते. पयल्या दिवशीच वळाखलंय मी तुका, तोंड सगळा बापसाचा." मग त्या म्हणाल्या, "तू शुद्ध बोलत होतंस. म्हटला, ह्येका पोरांसमोर सांगूचा नसात. म्हणान गप रवलंय."

सत्यवान खाली बसला. जाळ्यांवरच. तोंडावर हात धरून बसला, आणि कोणी त्याला उठवलं नाही. त्या वर्गात हसलेली मी तिथे उभीच होते. मी म्हटलं, "मावशी, मीही हसले होते."

"बघितलंय मी," त्या म्हणाल्या. बस्स.

मग त्या सत्यवानला म्हणाल्या, "सांगलंस ता बरा केलंस. पण रे झिला, बोललंस ता पोरांसमोर. मगे सांगूक पण पोरांसमोरच व्हया."

पुढच्या गुरुवारी त्याने वर्गात सांगितलं. बाई बाजारातून आल्या, पुढच्या खुर्चीवर बसल्या. ते काही नाटकातल्यासारखं झालं नाही. तो अडखळला, मध्येच शुद्ध, मध्येच मालवणी बोलू लागला. अर्ध्या मुलांना ती गोष्ट आठवतही नव्हती. मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं. पण त्याने सगळं सांगितलं. रेघ कुठे राहिली, कधी कळलं, किती दिवस लपवलं, तोंडवलीला जाऊनही पहिल्यांदा काय खोटं बोलला. मग तो बाजूला झाला आणि मला उभं राहून माझं सांगावं लागलं. बाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "आता तीन पट्ट्यांवर कसा करूचा, ता दाखवा." त्याने कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.

सीतावैनी त्या हंगामात लग्नांत गायली नाही. बाईंनी तिला आग्रहही केला नाही. दुपारी आपली चार गाणी मुद्रित करायची आणि ओट्यावर मोठ्याने लावून ठेवायची. मे महिन्यात एकदा वैनी आतून ओरडली, "तिसरा कडवा चुकलंस गो." "मगे तू म्हण," बाई म्हणाल्या. ती बाहेर आली आणि तिने ते कडवं म्हटलं. पुढच्या दीड वर्षात तिची एकतीस गाणी झाली. तोंडवलीत लग्नघरी आता त्यांची सीडी लावतात. आसपासच्या गावांतून कोणी आवाज लावण्याबद्दल विचारायला आलं, तर सत्यवानच त्यांना म्हणतो, तोडणकरबाईंना विचारा, त्या नीट सांगतात.

त्याने चुकीची दुरुस्ती छापून घेतली, वर आपलं नाव घालून, आणि आधीच्या प्रती कोणाकोणाकडे गेल्या ते शोधत फिरला. देवगड, आचरे, कणकवली. सव्वाशे लोक सापडले. बरेच जण म्हणाले, आम्ही तुमची पुस्तिका उघडलीच नव्हती. त्याचंही त्याला फार वाटलं नाही. शाल कपाटातून कधी गेली, मला कळलं नाही.

दोन हजार नऊच्या डिसेंबरात सावंतवाडीला लाकडी खेळणी करणारे महादू मेस्त्री सापडले. त्या सहा-सात जणांतले हे एक. अंगणात बसून बैलगाडीच्या चाकांना रंग देत होते. सत्यवानने कागद पुढे केला, काय चुकलं होतं ते सांगितलं, आजच्या आज मशीन लावून देतो म्हणाला.

"मशीन इकलंय," मेस्त्री म्हणाले. "माजे वडील पखवाज वाजवीत. तेंचो हात धरून ठेवूचो होतो. तुमी म्हणालात, तुमका जमाचा नाय. म्हटला, शिकलेलो माणूस सांगता म्हणजे खरा आसतला."

"वडील?" सत्यवानने विचारलं.

"गेले. औंदा शिमग्यात."

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. ब्रश रंगात बुडवून ते पुढचं चाक रंगवू लागले. सत्यवानने दुरुस्तीचा कागद घडी करून खिशात घातला आणि हात जोडले. मेस्त्रींनीही रंगाचे हात जोडले.

हे त्याने मला दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सांगितलं, खिडकीकडे तोंड करून. मी काही बोलायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "नको गो. काय बोलू नको." मग वर्गाची वेळ झाली आणि आम्ही दोघं आत गेलो.